सव्वा किलोच्या प्लेटा

वजन उचलायला सुरुवात करणाऱ्या बाईनं जिममध्ये पहिल्या दिवशी करायचं काम म्हणजे तिथल्या रॉडचं वजन. आपल्या सोलापुरात एकाच जिममध्ये तीन-चार तऱ्हेचे रॉड सापडतात. टोकं फिरणारा, जाड बाहीचा (बाही म्हणजे प्लेटा चढवायचं टोक) सात फुटी रॉड बहुधा २० किलोचा असतो. बाकीचे पाच-सहा फुटी, अखंड सळईचे, फॅब्रिकेशनवाल्याकडून बनवून घेतलेले. त्यांचं वजन सहापासून दहा किलोपर्यंत काहीही निघू शकतं. ट्रेनरला विचारलं तर "दहाचा आहे ओ मॅडम" असं अंदाजपंचे उत्तर मिळतं. त्यावर विसंबू नका. वजनकाट्यावर आधी मोकळ्या हातानं उभ्या राहा, मग रॉड हातात धरून. दोन आकड्यांतला फरक म्हणजे रॉडचं वजन. तो वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा, आणि रॉडला ओळखीची खूण म्हणून एका टोकाला रंगीत टेप गुंडाळा. पुढच्या सगळ्या नोंदी या आकड्यावर उभ्या राहणार आहेत.

बायकांच्या स्पर्धेतला रॉड पुरुषांच्या रॉडपेक्षा वेगळा असतो. त्यांचा २० किलोचा, २२० सेंटीमीटर लांब आणि पकडीला २८ मिलिमीटर जाड. आपला १५ किलोचा, २०१ सेंटीमीटर लांब आणि २५ मिलिमीटर जाड. तीन मिलिमीटर कागदावर किरकोळ वाटतात, पण लहान हाताच्या बाईची बोटं २५ च्या रॉडभोवती पुरती मिटतात आणि २८ च्या रॉडवर थोडी उघडी राहतात. जड डेडलिफ्टमध्ये (जमिनीवरचा रॉड उचलून सरळ उभं राहणं) रॉड निसटतो तो याच उघड्या जागेतून. १५ चा रॉड सगळीकडे मिळत नाही. तो नसेल तर फॅब्रिकेशनवाल्याचा बारीक रॉड कमी दर्जाचा समजू नका. शोल्डर प्रेस (रॉड खांद्यांपासून डोक्यावर ढकलणं) आणि बेंच प्रेस (बाकावर उताणं झोपून तो छातीवरून वर ढकलणं) शिकायला तोच सोयीचा.

आता प्लेटांचं. बहुतेक ठिकाणी सगळ्यात छोटी प्लेट अडीच किलोची असते. दोन्ही बाजूंना एकेक लावली की वजन एकदम पाच किलोंनी वाढतं. जो गडी ६० किलोचा प्रेस मारतो, त्याच्यासाठी ही वाढ बाराव्या हिश्शाची. नुसता २० चा रॉड डोक्यावर नेणाऱ्या बाईसाठी तीच वाढ पाव हिश्शाची होते. पंधरवड्यात कुणाच्याही खांद्यांची ताकद पाव हिश्शानं वाढत नाही. ती २५ ला अडते, पुन्हा २० वर येते, पुन्हा २५ ला अडते, आणि शेवटी "माझ्या हातांत जोरच नाही" असं ठरवून दोन किलोच्या गुलाबी डंबेलकडे वळते. माझं ठाम मत आहे की बायकांची वाढ खुंटते त्यातल्या निम्म्या वेळा कारण शरीरात नसतं, प्लेटांच्या रॅकमध्ये असतं.

उपाय साधा आहे. सव्वा किलोची एक जोडी आणि अर्ध्या किलोची एक जोडी स्वतःची घ्या, पिशवीत ठेवा. घेताना रॉडच्या बाहीचं माप बघून घ्या: जाड बाहीला ५० मिलिमीटरचं भोक लागतं, बारीक रॉडला ३० च्या आसपासचं. अर्ध्या किलोच्या प्लेटा मिळाल्या नाहीत तर घोट्याला बांधायचे अर्ध्या किलोचे वेल्क्रोचे पट्टे चालतात. ते क्लिपच्या (प्लेटा जागेवर धरणारा चाप) बाहेरच्या बाजूला, बाहीभोवती घट्ट आवळायचे, आणि दोन्हींचं वजन सारखं आहे का ते आधी स्वयंपाकघरातल्या काट्यावर तपासायचं. ओतीव लोखंडाच्या प्लेटांवरही छापलेला आकडा नेहमी खरा नसतो, म्हणून तुम्ही रोज वापरता ती जोडी एकदा काट्यावर घालून बघा.

इतकी बारीक वाढ म्हणजे नवख्यांचे लाड, असं कुणी म्हणालं तर त्याला मीराबाई चानूचे आकडे दाखवा. टोकियो ऑलिंपिकमध्ये तिनं ४९ किलो गटात रौप्यपदक जिंकलं ते स्नॅचमध्ये (रॉड एका दमात डोक्यावर) ८७ आणि क्लीन अँड जर्कमध्ये (आधी खांद्यांपर्यंत, मग डोक्यावर) ११५ अशा २०२ किलोंवर. आपल्या वडगाव मावळच्या हर्षदा गरुडनं २०२२ साली ज्युनिअर जागतिक स्पर्धेत ४५ किलो गटाचं सुवर्ण जिंकलं ते ७० आणि ८३ वर. ८७ आणि ८३ हे आकडे अडीचच्या प्लेटांनी बसतच नाहीत. स्पर्धेच्या नियमात किमान वाढ एका किलोची आहे आणि स्पर्धेच्या संचात अर्ध्या किलोची प्लेट असते. जगातल्या सगळ्यात ताकदवान बायका एकेका किलोचा हिशेब ठेवतात.

तर वाढ अशी ठेवा: स्क्वॉट (रॉड खांद्यांवर घेऊन खाली बसून उठणं) आणि डेडलिफ्टला एकूण अडीच किलो, म्हणजे बाजूला सव्वा-सव्वा. बेंच प्रेस आणि शोल्डर प्रेसला एकूण एक ते दीड किलो. पाच वेळा उचलायचे तीन सेट ठरवले असतील, तर पंधराच्या पंधरा वेळा नीट उचललं की पुढच्या वेळी वाढ. एखादी खेप हुकली तर तेच वजन पुन्हा. सलग तीन दिवस तेच वजन हुकलं तर दहा टक्के उतरवा आणि पुन्हा चढा. म्हणजे शोल्डर प्रेस २५ वर अडला तर २२.५ करायचा, मग २३.५, २५, २६. दुसऱ्या चढाईत जुनी अडण बहुतेक वेळा ओलांडली जाते. मधल्या दिवसांत तंत्र सुधारलेलं असतं आणि थकवाही उतरलेला असतो.

डेडलिफ्टवर जरा थांबते, कारण इथे नवख्या बाईची पाठ दुखावते त्याला एक कारण असं आहे, जे फारसं कुणी सांगत नाही. स्पर्धेच्या मोठ्या प्लेटांचा व्यास ४५० मिलिमीटर असतो. त्यामुळे जमिनीवर ठेवलेल्या रॉडचा मध्य साडेबावीस सेंटीमीटर उंचीवर, म्हणजे नडगीच्या मध्याजवळ येतो. पण सुरुवातीला तुम्ही ३० किलो उचलणार, म्हणजे २० च्या रॉडला बाजूला पाच-पाच किलो. पाच किलोची लोखंडी प्लेट वीत-सव्वा वीत व्यासाची, म्हणून रॉड जमिनीपासून जेमतेम दहा-बारा सेंटीमीटरवर. तिथपर्यंत पोचायला पाठ वाकवावीच लागते. तीस किलो उचलणारी बाई शंभर किलो उचलणाऱ्यापेक्षा अवघड जागेवरून उचलत असते, आणि वर "पाठ सरळ ठेवा" म्हणून ओरडाही खात असते. दोन्ही बाजूंच्या प्लेटांखाली २० किलोच्या प्लेटा आडव्या रचा, किंवा लाकडी ठोकळे ठेवा, आणि रॉडचा मध्य साडेबावीस सेंटीमीटरवर आणा. टेप लावून मोजा. पाठीची निम्मी तक्रार तिथेच मिटते.

मग उचलणं. रॉड पावलाच्या बरोबर मध्यावर हवा. टाचेसकट पूर्ण पावलाचा मध्य धरायचा, बुटाच्या लेसचा नाही. नडगी आणि रॉड यांत दोन-तीन सेंटीमीटर अंतर. पावलं कमरेच्या रुंदीइतकी लांब. आता गुडघे फार न वाकवता खाली वाका आणि पायांच्या लगेच बाहेरून रॉड धरा. रॉड हलवू नका. मग नडगी रॉडला टेकेपर्यंत गुडघे पुढे आणा आणि तिथेच थांबा. नितंब आणखी खाली नेलेत तर ते आधी सुटून वर जातात आणि सगळा भार कमरेवर येतो. छाती उचला, काखेत कागद धरून ठेवल्यासारखे दंड अंगाला आवळा. पोटात श्वास भरा, पुढे, बाजूला, मागे असा चहूबाजूंनी, आणि कुणी पोटात बुक्की मारणार असल्यासारखं पोट घट्ट करा. मग रॉड ओढण्यापेक्षा पायांनी जमीन खाली ढकला. रॉड नडगीला आणि मांडीला घासतच वर यायला हवा, म्हणून लांब मोजे किंवा पूर्ण लांबीची पँट घाला. वर सरळ उभं राहायचं, मागे कलायचं नाही. ठेवताना आधी कंबर मागे आणि रॉड गुडघ्याखाली गेला की मग गुडघे. प्रत्येक खेपेला रॉड जमिनीवर पूर्ण टेकवा, नवा श्वास घ्या. टण्णकन आपटून उसळीवर घेतलेली पुढची खेप मोजायची नाही. शिवाय आपल्याकडच्या शहाबादी फरशीला ती परवडत नाही. खाली रबरी मॅट नसेल तर शेवटपर्यंत हातात धरूनच ठेवा.

स्क्वॉटला पहिले दोन आठवडे रॉड नकोच. सहा-आठ किलोचं डंबेल छातीशी उभं धरा आणि खाली बसा. पुढचं वजन तोल सांभाळतं आणि धड आपोआप सरळ राहतं. मांडीचा वरचा सांधा गुडघ्याच्या खाली गेला की खोली पुरेशी. दहा खेपांचे तीन सेट बारा किलोनं नीट झाले की रॉडखाली जा. रॉड मानेच्या मणक्यावर ठेवायचा नाही. खांद्याची पाती मागे आवळली की मानेच्या बुंध्याशी स्नायूंची जी गादी तयार होते, तिच्यावर ठेवायचा. तिथे टोचतो म्हणून पुष्कळ जणी रॉडला टॉवेल गुंडाळतात. सोलापुरी टॉवेल जाडजूड, मऊ. पण तो गुंडाळला की रॉड घरंगळतो आणि मानेकडे सरकतो. टॉवेल बेंचवर अंथरायला ठेवा. दोन आठवड्यांत ती जागा सरावते.

वर येताना गुडघे आत वळत असतील तर वजन पाच किलो कमी करा आणि गुडघे पायाच्या करंगळीच्या दिशेनं ढकलायचं लक्षात ठेवा. टाचा उचलल्या जात असतील तर घोटा आखडलेला आहे. टाचांखाली दोन-दोन सेंटीमीटरच्या फळ्या ठेवून सराव करता येतो. वेटलिफ्टिंगच्या बुटाची टाचही साधारण तेवढीच उंच असते. पळायचे गुबगुबीत बूट मात्र नकोत, त्यांचा फोम वजनाखाली डगमगतो. कॅनव्हासचे सपाट बूट उत्तम. रॅकच्या सुरक्षा-दांड्या तुम्ही अगदी खाली बसल्यावर रॉड असतो त्याच्या दोन बोटं खाली लावा. बेंच प्रेस मारताना मदतीला कुणी नसेल तर क्लिपा लावू नका. अडकलात तर रॉड एका बाजूला कलवून प्लेटा सांडता येतात. अंगठा नेहमी रॉडभोवती.

आठवड्याला तीन दिवस पुरे. एका दिवशी स्क्वॉट, बेंच प्रेस, रोइंग (कमरेतून वाकून रॉड पोटाकडे ओढणं). दुसऱ्या दिवशी स्क्वॉट, शोल्डर प्रेस, डेडलिफ्ट. वहीत या दोन दिवसांची दोन पानं करा आणि ती आलटून पालटून चालवा. डेडलिफ्टला वॉर्मअपनंतर पाचचा एकच सेट, बाकीच्यांना पाचचे तीन. सेटच्या मध्ये दोन ते तीन मिनिटं बसा, घाई करू नका. दिवस वारांना बांधू नका, कारण नळाला पाणी येतं त्या दिवशी सकाळ कुणाच्या हातात असते? वहीत पुढचं पान कोणतं ते बघायचं आणि जमेल त्या दिवशी करायचं. व्यायामाच्या दोन दिवसांमध्ये किमान एक दिवस सुटी पडली की झालं. बिड्या वळणाऱ्या किंवा दिवसभर शिलाई मशीनवर बसणाऱ्या बायकांची खाली बसायची सवय चांगली असते, पण खांदे पुढे आलेले असतात. त्यांनी रोइंगचा एक सेट जास्त करावा.

अंगावरच्या वस्तूंबद्दल स्पष्ट बोलायला हवं. अंगठी काढाच, रॉड आणि हाडाच्या मध्ये सापडून बोट सोलवटतं. काचेच्या बांगड्या क्लीनमध्ये आणि बेंचवर फुटतात. त्या काढायच्या नसतील तर दोन्ही मनगटांवर रुंद मनगटपट्टा बांधून बांगड्या त्याच्या वर, कोपराकडे सरकवा. मंगळसूत्र लांब असेल तर ते रॉड आणि गळ्याच्या हाडाच्या मध्ये येतं. टीशर्टच्या आत टाकून वर बसकी स्पोर्ट्स ब्रा असेल तर जागेवर राहतं. जोडवी सपाट बुटात बोटाला घासतात, तिथे कागदी टेप लावा. अंबाडा मानेशी घातला तर स्क्वॉटचा रॉड त्यावर बसतो; वर बांधा किंवा वेणी पुढे घ्या. ओढणी घरी.

खाण्याकडे दुर्लक्ष झालं तर वरचं सगळं फुकट. ताकद वाढवायची असेल तर शरीराच्या दर किलोमागे दीड ग्रॅमच्या आसपास प्रोटीन लागतं, म्हणजे ५५ किलोच्या बाईला रोज ८० ग्रॅमच्या जवळपास. आपल्याकडे "शेंगाचटणी खाल्ली की प्रोटीन मिळालं" असं धरून चालतात. दोन मोठे चमचे चटणीत सात ग्रॅम मिळतं खरं, पण त्याच्या दुपटीनं तेल येतं, त्यामुळे चटणी खाऊन आकडा गाठता येत नाही. ज्वारीच्या तीन भाकरींत साधारण १८ ग्रॅम, वाटीभर डाळीत ७, वाटीभर मटकीच्या उसळीत ९, दोन अंड्यांत १२, वाटीभर दह्यात ६-७, पेलाभर दुधात ८. चटणी धरून बेरीज सत्तरीच्या आत राहते. पंचवीस ग्रॅम कोरड्या सोयाबीन वड्या रस्श्यात टाकल्या की आणखी १३ ग्रॅम मिळून ८० पार होतात. अंडी न खाणाऱ्यांनी शंभर ग्रॅम पनीर किंवा उसळीची आणखी एक वाटी घ्यावी आणि दूध-दही वाढवावं. पावडरीचा डबा हा शेवटचा पर्याय, पहिला नव्हे.

सुरू करण्याआधी हिमोग्लोबिन तपासून घ्या. देशातल्या निम्म्याहून जास्त बायकांना पंडुरोग आहे, आणि १२ च्या खाली हिमोग्लोबिन असताना दुसऱ्या सेटला धाप लागते, डोळ्यांपुढे अंधारी येते. त्याला आळस समजू नये. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या तर त्या चहाबरोबर घेऊ नका आणि जेवणावर लगेच चहा पिऊ नका; चहामुळे लोह अंगी लागत नाही. जेवणात लिंबू पिळा.

पाळीच्या दिवसांत उचललं तर चालतं. अंग जड वाटत असेल तर त्या दिवशी वाढ नाही, मागचंच वजन. बाळंतपणानंतर किंवा सिझेरियननंतर मात्र डॉक्टरांनी तपासून परवानगी दिल्यावरच, आणि तेव्हाही नुसत्या रॉडपासून. ओटीपोटात काही खाली सरकल्यासारखं जडपण वाटत असेल, तर आधी स्त्रीरोगतज्ज्ञ. जड खेपेला लघवीचे थेंब जाणं पुष्कळ बायकांना होतं आणि त्या लाजून बोलत नाहीत. वजन उतरवा, खेपेच्या जड टप्प्यात श्वास पूर्ण कोंडण्याऐवजी हळू सोडा, आणि फिजिओथेरपिस्टकडून ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम शिकून घ्या. हे सुधारतं. दुखण्यातला फरकही ओळखा. मांड्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ठणकतात आणि मग उतरतात, ते ठीक. कमरेतून पायात कळ जाणं किंवा पाऊल बधिर होणं ठीक नाही. तिथे थांबायचं आणि हाडांच्या डॉक्टरांना दाखवायचं. पुरुषी दिसण्याची भीती काढून टाका. स्नायू फुगवणारं टेस्टोस्टेरॉन बाईच्या अंगात पुरुषाच्या तुलनेत फारच थोडं असतं.

एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीपार गेला की पत्र्याच्या शेडमधली संध्याकाळ टाळा. भिंती आणि लोखंड रात्रीपर्यंत तापलेले असतात. सकाळी सहा ते सात बरं. त्या दोन महिन्यांत वाढ थांबली तरी चालेल, सेट तीनाचे दोन करा. तासाभरात अर्धा-पाऊण लिटर पाणी, नंतर मीठ घातलेलं ताक. घामेजल्या तळव्यांना मॅग्नेशियम कार्बोनेटचा खडू लावा. टाल्कम पावडर चुकूनही नको, तिनं पकड आणखी सटकते. तळव्यावरचे घट्टे आठवड्यातून एकदा अंघोळीनंतर वज्रीनं सपाट करा. वाढू दिले तर मुळातून फाटतात आणि चार-पाच दिवस रॉड धरता येत नाही.

स्नॅच आणि क्लीन अँड जर्क, म्हणजे खेळातलं खरं वेटलिफ्टिंग. बायकांसाठी ते ऑलिंपिकमध्ये आलं २००० साली, आणि त्याच सिडनीत कर्णम मल्लेश्वरीनं ६९ किलो गटात २४० किलोंवर कांस्यपदक आणलं. ते शिकायचं असेल तर फिरत्या बाहीचा रॉड, रबरी प्लेटा, लाकूड-रबराचा प्लॅटफॉर्म आणि समोर उभा राहून बघणारा प्रशिक्षक, या चारही गोष्टी हव्यात. व्हिडिओ बघून फरशीवर करू नका. तोवर घरी दोन गोष्टी करता येतात. एक, मॉपच्या दांडक्यावर रुंद पकड घेऊन, हात डोक्यावर ताठ ठेवून खाली बसणं. खांदे आणि घोटे कुठे अडतात ते लगेच कळतं. दुसरी, अंगठ्याची पकड: अंगठा रॉडभोवती आडवा घालायचा आणि त्याच्यावरून तर्जनी आणि मधलं बोट आवळायचं. लहान हातांच्या बायकांना ही पकड फार उपयोगी पडते, कारण तळव्यात जोर नसला तरी रॉड सुटत नाही. सुरुवातीला अंगठा चेपतो, लाल होतो. म्हणून आधी हलक्या डेडलिफ्टला वापरा आणि अंगठ्याला नखाखालच्या पेरापासून मुळापर्यंत ताणली जाणारी कापडी चिकटपट्टी गुंडाळा, पण सांधा वाकेल इतकी सैल. नख बारीक कापलेलं असू द्या.